मामाची मांडी

माघातल्या त्या सकाळी उजेड घरात आला तो नेहमीसारखाच, कुणालाही न जागवता. आधी तो शेवंतीच्या वाफ्यांपलीकडच्या शेवग्याच्या शेंड्यावर थोडा वेळ रेंगाळला, मग गोठ्याच्या पत्र्यावरचं दव पुसत पुसत खाली उतरला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या तीन गजांमधून आत येऊन शहाबादी फरशीवर पसरला... फिकट, अजून ऊब न आलेला, कालच्या ताकासारखा पातळ. तिथून सरकत तो मांडणीपर्यंत गेला, एकेका पितळी डब्याच्या पोटावर क्षणभर थांबला, कोपऱ्यातल्या ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या फुलांच्या कडा त्याने उजळल्या, आणि सर्वांत शेवटी, जणू संकोचत, तो कलाबाईंच्या हातांवर येऊन टेकला. त्या हातांनी चहा ओतण्याआधी कपाची कड बोटाने चाचपली. वाल्मीक उजेडाकडे पाहत होता. आईच्या हातांकडे पाहण्याची त्याची सवय सुटून सहा वर्षं झाली होती.

"चहा ठेवला हाय," कलाबाई म्हणाल्या.

त्याने तो उभ्यानेच घेतला.

"मंदा दुपारपर्यंत पोचते. मुंबईहून निघाली म्हणे." थोडं थांबून, पदराशी चाळा करत त्या पुढे म्हणाल्या, "पोराला तिसरं लागलं. जावळ तसंच राखलंय तिनं. परवा भिमाजीला बोलावलंय. मामाच्या मांडीवरच काढायचं, म्हणते."

"बघू," वाल्मीक म्हणाला आणि फुलांचं गाठोडं उचलून बाहेर पडला.

मायलेकरांत भांडण नव्हतं. भांडणाला शब्द लागतात, आणि शब्द तर केव्हाच संपले होते. जेवायला वाढलंय, मोटार बंद केली, बाजारात शेवंतीचा भाव पडला... एवढ्याच वाक्यांवर ते घर चाललं होतं, जसा एखादा दिवा तेल संपल्यावर नुसत्या वातीवर जळत राहतो.

माग्दालेना पहिल्यांदा आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. पोलंडमधल्या ल्युब्लिन शहरातून, एका सेवाभावी संस्थेमार्फत, नऊ महिन्यांसाठी. काम साधं होतं: पेठ तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांची नजर तपासायची आणि लोकांनी दान दिलेल्या जुन्या चष्म्यांपैकी ज्याला जो जमेल तो द्यायचा. संस्थेला तिच्यासाठी खोली हवी होती, आणि मखमलाबादच्या मळ्यातल्या कलाबाईंच्या घराची माडी रिकामी होती. वाल्मीकचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माग्दालेना हे नाव कलाबाईंच्या जिभेवर काही बसेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिची मंदा केली. तिची स्वतःची आई ती सात वर्षांची असतानाच गेली होती. हे कळल्याच्या दिवसापासून कलाबाईंनी तिच्या केसांना तेल लावायला सुरुवात केली.

इंग्रजी कळणारा घरात एकटा वाल्मीक, म्हणून दर गुरुवारी दुभाषा म्हणून तोच तिच्याबरोबर जाऊ लागला. मोटारसायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधलेली असे. पेटीत दोनशे चष्मे, प्रत्येकाच्या काडीला चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. अक्षरओळख नसलेल्यांसाठी माग्दाने एक युक्ती काढली होती: सुपात मूठभर तांदूळ आणि त्यात चार खडे. खडे वेचता आले की चष्मा जमला. एकदा अक्काबाई नावाच्या म्हातारीला चष्मा चढवला, तर तिने खडे सोडून स्वतःचेच हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "अगं बाय, हे कुणाचे हात? इतकी म्हातारी मी कधी झाले?" सारा पाडा हसला, माग्दा हसली, आणि जन्मभर चारचौघांत खाली मान घालून बसलेला वाल्मीकही मोठ्याने हसला. त्या संध्याकाळी घाट उतरताना त्याला प्रथमच वाटलं, की आपल्या असण्याचा कुणाला तरी उपयोग आहे... आणि हेही वाटलं, की गाडीवर मागे बसून चुकीच्या चालीत मराठी बाराखडी म्हणणारी ही मुलगी कायमची इथेच राहिली, तर आयुष्याकडे आणखी काही मागायचं उरणार नाही.

तो हे कुणाशी बोलला नाही. बोलली ती कुसाबाई, शेजारच्या मळ्यातली त्याची चुलती. "कलाबाई, लोकांना चष्मे वाटता वाटता तुमचंच पोरगं आंधळं व्हायचं. तरणी पोर, परका देश, अन् एका गाडीवर दोघं. बघा बाई, मी आपलं सांगितलं."

मग दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी कलाबाईंनी ओटीवर पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, आणि निरांजनाचं ताट माग्दाच्या हाती दिलं. वाल्मीक पाटावर बसला. माग्दाने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. आईने आणून ठेवलेली साडी त्याने ताटात घातली. कुंपणापलीकडून पाहणाऱ्या कुसाबाईचं तोंड त्या घटकेला बंद झालं, आणि त्या घटकेपासून माग्दा त्याला भाऊ म्हणू लागली. तीन महिन्यांनी ती मायदेशी गेली. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं.

त्या सकाळी आईने आपल्यापासून काय हिरावून घेतलं, हे वाल्मीकने एका शब्दानेही कुणाला सांगितलं नाही. गावाची तोंडं बंद करण्यासाठी आईने पोटच्या पोराचं काळीज वेदीवर ठेवलं, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि तो निमूट झाला. लग्नाच्या गोष्टी आल्या, तो नको म्हणाला. पत्र्याची पेटी मात्र त्याने सोडली नाही. दर गुरुवारी तो एकटा पेठकडे जात राहिला. अनोळखी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत वाकून पाहताना, त्यांच्या सुरकुतलेल्या कानांवर काड्या अडकवताना त्याला जेवढं बोलता येई, तेवढं उरलेल्या सहा दिवसांत येत नसे. कलाबाई दर रविवारी फोनच्या पडद्यावर मंदाला बघत. दोघींच्या बोलण्यात धड ना मराठी असे ना इंग्रजी. एकीने वांगं दाखवायचं, दुसरीने बीट दाखवायचं, आणि दोघींनी हसायचं. तो तेव्हा उठून मळ्यात जाई.

दुपारी गाडी आली. माग्दा उतरली ती थेट ओटीवर धावली आणि कलाबाईंच्या गळ्यात पडली. मागून तिचा नवरा पावेल, ताडमाड उंच, दोन्ही हातांत बॅगा घेऊन अवघडून उभा राहिला, आणि त्याच्या पायांमागून खांद्यापर्यंत पिवळे केस वाढलेला तोमेक डोकावला.

"थंडी वाजते का गं पोराला?" कलाबाईंनी विचारलं.

"ही काय थंडी आई? आमच्याकडं लय बर्फ हाय," माग्दा म्हणाली. ती मराठी शिकली ती मखमलाबादच्या मळ्यात, त्यामुळे तिचं हाय आणि लय अजून जागच्या जागी होतं.

कुसाबाई कुंपण ओलांडून आलीच. तिने पावेलला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जावई लांबलचक हाय. दाराची चौकट वाढवून घ्या, कलाबाई."

पावेलला काही कळलं नाही, तरी त्याने हात जोडले, आणि सगळे हसले. वाल्मीक ओटीच्या टोकाला खांबाशी उभा होता. माग्दाने त्याच्याकडे पाहून हात जोडले. "भाऊ, बारीक झालास." तो नुसता हसला.

तेवढ्यात तोमेकने वाफ्यातलं झेंडूचं फूल तोडून आणलं आणि तो कलाबाईंच्या डाव्या अंगाला उभा राहिला, फूल पुढे धरून. कलाबाई समोर मंदाशी बोलत होत्या. पोर उभंच. त्याने हात आणखी लांब केला, परक्या बोलीत काहीतरी पुटपुटलं. कलाबाईंनी एकदम अंग वळवलं आणि त्यांचा गुडघा त्याच्यावर आदळला. पोर मागच्या मागे पडलं, रडू लागलं. "अगं बाई, हा कुठून आला? दिसलाच नाय मला..." त्या कासावीस झाल्या, हाताने हवेत त्याला शोधू लागल्या.

माग्दाने मुलाला पावेलकडे दिलं. तिचा चेहरा पालटला होता. तिने कलाबाईंना खाटेवर बसवलं, समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नजर ठेवायला सांगितलं, आणि त्यांच्या कानामागून ते झेंडूचं फूल हळूहळू पुढे आणलं.

"दिसतंय का, आई?"

"नाय."

"आता?"

"नाय गं."

फूल गालापाशी आलं, नाकाच्या शेंड्याशी आलं.

"हां. आत्ता दिसलं."

दुसऱ्या बाजूनेही तसंच. वाल्मीक खांबाला धरून उभा होता. ही तपासणी त्याने गेल्या सहा वर्षांत किती पाड्यांवर, किती परक्या आयाबायांची केली होती. त्या हालचालीचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाशिकमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. काचबिंदू. कडेची नजर गेली होती, नळीतून पाहिल्यासारखी मधली तेवढी उरली होती. "गेलं ते परत आणता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "थेंब घाला, राहिलंय ते टिकवू. वर्षभर आधी आला असतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि त्या अपुऱ्या वाक्याच्या टोकाशी वाल्मीक असहाय उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"दोनेक वर्षं झाली असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

कलाबाई साधेपणानेच म्हणाल्या, "तू दर गुरुवारी लोकांचे डोळे बघायला जातोस. मला वाटलं, तुला दिसत असेल."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते वर्मी बसलं. त्याला खाली कोसळून आईचे पाय धरावेसे वाटले. पण माणूस अपराधाने भरून आला की त्याला आधी कुणावर तरी रागवावंसं वाटतं, तसंच झालं. कलाबाई चाचपडत त्याच्याजवळ आल्या. "जाऊ दे ते. उद्याचं जावळ तेवढं उरकून घेऊ. दिसतंय तोवर बघू दे मला, मंदाचं पोर तुझ्या मांडीवर..."

"मी बसणार नाही." सहा वर्षांचं मौन त्याच्या तोंडून फुटलं. "मला विचारलंस? कुणाचा भाऊ व्हायचं ते तेव्हा तूच ठरवलंस, मला न विचारता. आता कुणाचा मामा व्हायचं तेही तूच ठरवणार? काय उरलं होतं माझं, आई? एवढंच एक होतं, आणि तू ते ताटात घालून देऊन टाकलंस."

कलाबाईंनी मान वर केली. ओठ किंचित हलले. काहीतरी अगदी ओठांपर्यंत आलं होतं, आणि ते त्यांनी गिळलं, जसं घरात एकच भाकरी उरली की आई भूक गिळते.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

जिन्यावर माग्दा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी वाल्मीक शेवंती खुडत असताना ती वाफ्यापाशी आली आणि काही न बोलता शेजारच्या सरीतली फुलं खुडू लागली. जुनी सवय हाताला अजून होती. देठाला नख, वळसा, ओढणं नाही.

"भाऊ, आई खोटं का बोलल्या?"

"कशात?"

"चुकलं म्हणाल्या, त्यात."

तो पुढचं फूल खुडू लागला.

"तू मला काही सांगू नको. काल मी ऐकलं, आणि मला कळलं. पण त्या भाऊबीजेला ताट हातात घेण्याआधी मी आईंना विचारलं होतं, वाल्मीकला चालेल ना? मला एवढं समजत होतं, की एकदा ओवाळलं की एक दार बंद होतं." ती शब्द शोधत शोधत, एकेक तोलून ठेवत बोलत होती. "आई म्हणाल्या, काल संध्याकाळी मी त्याला मळ्यात जाऊन विचारलं. दार उघडं ठेवायचं का बंद, दोन्ही विचारलं, म्हणाल्या. म्हणून मी ताट घेतलं."

"मला आठवत नाही," वाल्मीक म्हणाला.

"बरं."

तिने ओंजळभर फुलं त्याच्या टोपलीत टाकली. "मला इथं आई मिळाली. भाऊ मिळाला. माझ्या पोराला आजी हाय. पण त्यांना काय मिळालं, भाऊ?"

ती गेली. तो सरीत तसाच वाकून राहिला. मला आठवत नाही, हे त्याने स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. विसरलेल्या गोष्टीला रंग नसतो, वास नसतो. आणि ह्या न आठवणाऱ्या संध्याकाळीला तर खुडलेल्या झेंडूचा कडू वास होता, फिक्कट होत जाणारं आभाळ होतं, आणि चप्पल हातात घेऊन ओल्या सरीतून येणारी आई होती. तो झटकन दुसऱ्या वाफ्याकडे वळला. खुडायच्या फुलांबरोबर चार कळ्याही तुटल्या.

नऊच्या सुमाराला भिमाजी न्हावी पिशवी घेऊन आला. अंगणात पाट मांडला होता, चौरंगावर वाटी, कात्री, हळदकुंकू. पावेल मुलाला घेऊन उभा होता. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. पाट रिकामा होता, आणि त्या रिकाम्या पाटाभोवती सारं घर श्वास रोखून थांबलं होतं.

वाल्मीक मळ्यातून आला, हातपाय धुतले, आणि येऊन पाटावर बसला. कुणी त्याला आग्रह केला नाही. पावेलने पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. त्या चिमुकल्या देहाची ऊब धोतरातून... धोतर कुसाबाईने आयत्या वेळी आणून त्याच्या हाती दिलं होतं... त्याच्या अंगात उतरली, आणि त्याला आपले हात कुठे ठेवावेत हे कळेना. मग ते आपोआप मुलाच्या पोटाभोवती मिटले.

"हे केस कापायचे का सोलायचे?" भिमाजी म्हणाला. "मक्याच्या कणसाची शेंडी हाय ही."

"केस धरायला आत्या लागते," कलाबाई म्हणाल्या.

"आत्या राहिली पोलंडात. आज मीच आत्या," कुसाबाई पुढे सरसावली आणि तिने पदर पसरला.

पहिली बट मामाने कापायची. वाल्मीकने कात्री हातात घेतली आणि आईकडे पाहिलं. सहा वर्षांनंतर त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. ती त्याच्या उजव्या हाताला, सगळ्यांत पुढे, हात जोडून उभी होती. चेहऱ्यावर अपार कृतार्थता होती, आणि डोळे लागले होते समोरच्या रिकाम्या तुळशीकट्ट्यावर. आपण नेमकं बघतोय अशीच तिची समजूत होती. पाट तिच्या नजरेच्या बाहेर पडला होता, आणि हे तिला कळतही नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "आई, तिकडे नाही गं. इकडे, माझ्यासमोर ये."

त्याने हात लांब केला. तिने तो चाचपडत धरला. त्याने तिला ओढून समोर, हातभर अंतरावर बसवलं. तिची नजर थोडी इकडे, थोडी तिकडे फिरली, आणि मग त्या अरुंद उजेडात पिवळ्या केसांचं डोकं सापडलं, त्याच्यामागे आपल्या लेकाचा चेहरा सापडला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"हां. दोघं एका वेळी मावतायत," ती म्हणाली. "काप आता."

बट कुसाबाईच्या पदरात पडली. तोमेकने रडून मळा डोक्यावर घेतला. माग्दा पोलिश भाषेत त्याला समजावत होती आणि स्वतःच रडत होती. पावेल, काय घडलं हे न कळता, कलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

दुपारी सगळे जेवून माडीवर गेले. डॉक्टरांचे थेंब घालायची वेळ झाली होती. कलाबाईंनी खाटेवर भिंतीला टेकून मान मागे केली. वाल्मीकने त्यांची पापणी बोटाने उचलली. इतक्या जवळून आईचे डोळे त्याने कधी पाहिले नव्हते. एक थेंब, मग दुसरा. औषध गालावरून ओघळलं, ते त्याने तळव्याने पुसलं.

"राग गेला का रे?" डोळे मिटून त्यांनी विचारलं.

बाटलीचं टोपण तो बराच वेळ फिरवत राहिला.

"पाडव्याच्या संध्याकाळी तू मळ्यात आली होतीस."

कलाबाईंनी गालावर राहिलेला ओलावा पदराने टिपला.

"चप्पल हातात होती. म्हणालीस, तुझ्या मनात असेल तर सांग, तिच्या बापाशी मी बोलते, मग तो कितीका लांब असेना. नसेल, तर उद्या ओवाळून घे, लोकांची तोंडं बंद होतील."

"जाऊ दे ना आता, वाल्मीक."

"मी काय म्हणालो होतो, आई?"

मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलले. बोलायचं नाही म्हणून सहा वर्षं जपलेलं ते ओझं अजूनही खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या.

"मला नाय आठवत," त्या म्हणाल्या.

त्याला आठवत होतं. त्या संध्याकाळी त्याने टोपलीवरून मान वर केली नव्हती. तो घाबरला होता... माग्दाला, गावाला, तिच्या होकाराला आणि नकाराला सारखाच. आईने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, माझ्या मनात तसं काही नाही.